फक्त मला दिसेल

कवळीच्या मेणात पुढचे दात बसवताना हात हलू द्यायचा नाही, हे तिला कधी शिकवावं लागलं नव्हतं. त्या दिवशी मात्र हलला. फोन टेबलावर उताणा पडला होता. त्यावर उजेड आला आणि तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचलं: ‘लेखन सुंदर आहे, पण हे तुमचं नाही. हे सरांच्या “आईच्या उशाशी” या लेखमालेतलं आहे. निदान सौजन्य म्हणून नाव तरी द्यायचं. दुसऱ्याच्या आईच्या आठवणीसुद्धा चोरता का हो?’ आणि खाली हात जोडल्याचं चित्र. शिवी द्यायची आणि वर नमस्कार करायचा, ही एक नवीनच पद्धत निघाली आहे. मेणातला सुळा तिरका झाला. पलीकडे लॅबचा मालक प्लास्टर कालवत होता. त्याला सगळे डॉक्टर म्हणत आणि तो डॉक्टर नव्हता. “काय झालं ताई?” त्याने विचारलं. “काही नाही, दात हलला,” ती म्हणाली. “आपल्याकडचे दात हलत नाहीत ताई, हलणारे सगळे तिकडे दवाखान्यात,” असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला. तिने सुळा उपटून काढला आणि मेण पुन्हा तापवलं.

झालं होतं ते असं. आईच्या आजारपणाच्या वर्षांत ती एका साइटवर काहीबाही लिहायची. चार ओळी, कधी दहा. आईला भरवून, पुसून, पालथं-उताणं करून झालं की खुर्चीत बसायचं आणि अंगठ्याने लिहायचं. वाचणारी माणसं ओळखीतली, मोजकी. आई गेली आणि लिहिणंही गेलं. मग इतक्या वर्षांनी त्या साइटने नोटीस काढली, की जुन्या पोस्ट लवकरच पुसल्या जातील, ज्यांना हव्यात त्यांनी उतरवून घ्याव्यात. भाडेकरूला सामान हलवायला सांगावं तशी भाषा. तिला राग आला, आणि रागाच्या भरात तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा ब्लॉग उघडला. आपलं घर, आपली भिंत, कोणी उठ म्हणणार नाही. मग रोज कामावरून आल्यावर एकेक पोस्ट तिकडून उचलायची आणि इकडे आणून चिकटवायची. गोम होती ती इथेच. ब्लॉग प्रत्येक पोस्टवर त्या-त्या दिवसाची तारीख घालत होता. तिला ते दिसलं होतं, पण तारखेला काय चाटायचंय, असं म्हणून तिने सोडून दिलं. आई कुठल्याही तारखेला आईच. आता उलटंच झालं. ते सर म्हणजे तिचा सख्खा दादा. त्याची लेखमाला दोन वर्षांपूर्वीची आणि तिच्या पोस्टी या आठवड्यातल्या. चोर कोण, हे सांगायला साक्षीदार कशाला हवा?

तिने उत्तर लिहिलं, की मी त्या सरांची बहीण, हे मी आई असतानाच लिहिलंय. सगळ्या पोस्टींच्या तारखा मागे नेल्या. त्या शहाण्याचं उत्तर लगेच आलं: ‘ब्लॉगवर तारीख तर कोणीही कुठलीही घालू शकतं, ताई.’ आणि परत नमस्कार. खरंच होतं ते. तिनेच तर आत्ता घातली होती, आणि जुन्या साइटवरची खरी तारीख फक्त ओळखीच्यांना दिसायची.

मग तिने ती लेखमाला उघडली. आजवर उघडली नव्हती. दादा फोनवर म्हणाला होता, “बारके, आईवर लिहितोय, तुझाही उल्लेख आहे हं.” ती बरं म्हणाली होती आणि वाचायचं टाळलं होतं. आईचं नाव छापलेलं बघायची तिची तयारी नव्हती. आता हाताला लागलेलं मेण तसंच ठेवून ती मागच्या खोलीत वाचत उभी राहिली. आईची नखं कापण्याचं होतं. नखं कापताना आई बोटं आक्रसून घ्यायची, म्हणून आधी कोमट पाण्यात हात बुडवून बसवायचं आणि तिला तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं विचारायची. तिने लिहिलं होतं तसंच्या तसं. फक्त ‘मी’ म्हणजे दादा. कवळीचं होतं. सकाळी कवळी धुऊन हातात दिली की आई ती स्वतःच्या तोंडात न घालता समोरच्याच्या तोंडाशी न्यायची, आधी तू खा म्हणून. दादाच्या तोंडाशी नेली होती म्हणे. पडद्याशी बोलण्याचं होतं, औषधाची गोळी गालात लपवण्याचं होतं. आणि सगळ्यात शेवटी, खूप शोधल्यावर, तो उल्लेख सापडला: ‘माझी धाकटी बहीणही अधूनमधून मदतीला असे.’

अधूनमधून! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुखण्यात आई दादाकडे राहिली नव्हती, दादा आईकडे राहिला नव्हता. दादा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता आणि रविवारी फोन करायचा. फोन स्पीकरवर टाकून ती आईच्या कानाशी धरायची, आणि आठवडाभर जिच्या तोंडून धड वाक्य निघत नसे ती आई टवटवीत होऊन म्हणायची, जेवलास का रे? जेवलास का! आणि जी समोर बसून भरवते तिला काय, तर ही कोण बाई आहे, हिने माझी पेटी उघडली, हिला घालवा. एकदा चावली होती आई. दात नसलेल्या हिरड्यांनी चावली, आणि तेही लागतं, चांगलं लागतं. ती कवळी तिने स्वतः लॅबमध्ये बसून केली होती, मेणापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत. आईच्या हसण्याचा जुना फोटो समोर ठेवून पुढच्या दोन दातांतली फट तिने मुद्दाम ठेवली होती. डॉक्टर म्हणाला होता, ताई, पैसे देऊन कोणी फट ठेवतं का? तिने ठेवली होती. आणि दादाला कवळीतली ती फटसुद्धा माहीत नसणार, कारण तो यायचा तेव्हा आई तोंड मिटून, डोळे भरून, त्याच्याकडे नुसती बघत बसायची. दादा यायचा तो बॅग न उघडताच परत जायचा. घरात शिरल्या शिरल्या खिडकी उघडायचा. त्या खिडकी उघडण्याचा तिला अजून राग होता. वास येतो हे तिला कळत नव्हतं का?

तिने मागच्या खोलीतूनच फोन लावला. दादाने पहिल्या रिंगला उचलला, म्हणजे त्यालाही कोणीतरी कळवलं होतं.

“बारके, मी तुलाच करणार होतो,” तो म्हणाला. “तो कोण वाचक आहे ना, त्याला तू उत्तर देऊ नकोस. असल्यांच्या तोंडी लागू नये.”

“तो बरोबर बोलतोय. त्याने एकच चूक केली, चोर बदलला.”

“चोर काय म्हणतेस? शब्द जपून वापर.”

“शब्दच म्हणतेय मी. माझे शब्द आहेत ते, दादा. स्वल्पविरामसुद्धा माझे आहेत.”

“अगं, मी आधी ‘आम्ही’च लिहिलं होतं. संपादक म्हणाला, ‘मी’ केलं की जोर येतो.”

“मग आला का जोर?”

जोराचं त्याने तिथेच सोडलं. मग समजावणीच्या सुरात, ज्या सुरात तो सभागृहात लोकांसमोर आईवर बोलत असेल त्या सुरात म्हणाला, “हे बघ, लोकांना त्याचा उपयोग होतोय. माणसं रडतात ऐकताना. तू तिकडे कोपऱ्यात लिहिलंस, पंचवीस माणसांनी वाचलं. मी ते हजारांपर्यंत नेलं. आणि आता पुस्तक येतंय. छपाईला गेलंय. तेवढं पुस्तक येईपर्यंत तू तो ब्लॉग बंद ठेव. नंतर काय घालायचं ते घाल. अर्पणपत्रिकेत तुझं नाव आहे, तुला सांगायचं राहिलं.”

अर्पणपत्रिकेत! आईची धुणी धुतली तिने, आणि तिला मिळणार कोऱ्या पानावर मधोमध एक ओळ. ती म्हणाली, “तू कधी आईची नखं कापलीस, सांग. एकदा. एका बोटाचं नख.” आणि इथे दादाने जे उत्तर दिलं ते तिच्या डोक्यात पुढे कितीतरी दिवस कुसळासारखं रुतून बसलं. तो भांडला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, “बारके, मी ते इतक्यांदा वाचलंय, इतक्यांदा बोललोय, की आता मला खरंच वाटतं मी तिथे होतो. मला ते पाणी दिसतं. आईचा हात लागतो हाताला. माझ्याकडे दुसरं काय आहे तिचं?” तिने फोन ठेवला. डॉक्टर दारात उभा होता. “घरचं काही?” त्याने विचारलं. “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात माणसं,” ती म्हणाली. डॉक्टरला वाटलं, बिलं थकवणाऱ्या दवाखान्याबद्दल बोलतेय. तो म्हणाला, “सोडा हो ताई, त्यांना मी बघतो.”

माझ्याकडे दुसरं काय आहे. बसमध्ये, जिन्यात, भाजी निवडताना ते वाक्य यायचं आणि तिचा राग दुप्पट व्हायचा, कारण त्या वाक्याला उत्तर नव्हतं. नुसता लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाला चार शब्द सुनावता येतात. जो खरोखरच मानून बसलाय त्याचं काय करायचं? आणि काय आहे म्हणजे काय? यायला कोणी अडवलं होतं? दार लावलं होतं का तिने? पोस्ट मात्र एकूण एक वाचायचा. प्रत्येक पोस्टीला पहिलं हृदय त्याचं असायचं, बाण सुटावा तसं. तेव्हा तिला ते आवडायचं, हे आठवून तिला आणखी चीड आली. ती वाट बघायची त्या हृदयाची. खुर्चीत बसून, हाताला औषधाचा वास, आणि डोळे त्या लाल ठिपक्याकडे. म्हणजे ती आणि आई, दोघी मिळून दादाचीच वाट बघत होत्या की काय? असला विचार आला की ती भाजीची सुरी खाली ठेवायची.

रविवारी सकाळी ती कंबर कसून बसली. आता एकेक उचलायचं नाही. साइटने सगळं उतरवून घ्यायची सोय ठेवली होती. ते उतरवून सगळंच्या सगळं आजच ब्लॉगवर चढवायचं, पुस्तकाच्या नाकावर टिच्चून. आईचा पलंग जिथे होता तिथेच आता टेबल होतं, कारण त्या दोन खोल्यांत दुसरी जागाच नव्हती. लांबच लांब एक पान उघडलं. त्यात तिने त्या साइटवर लिहिलेलं एकूण एक अक्षर होतं, पण दुसऱ्या कोणाचं एकही नव्हतं. पोस्टीखाली लोक काय म्हणाले ते गाळलेलं, आणि त्यांना तिने दिलेली उत्तरं मात्र शाबूत. ‘थँक्यू दादा.’ ‘हो दादा.’ ‘बघते दादा, विचारते त्यांना.’ ‘नाही रे, तू कशाला येतोस, मी आहे ना.’ ‘थँक्यू दादा.’ पानच्या पान. समोर कोणी नाही आणि ही आपली मान हलवतेय. मी आहे ना! कोणी सांगितलं होतं हा शहाजोगपणा करायला? ती वाचत गेली आणि त्या खुर्चीतल्या बाईला खांदे धरून गदागदा हलवावं असं तिला वाटत राहिलं. बोल ना गं. म्हण ना, ये, मला झेपत नाही. एकदा तरी म्हण. पानभर शोधलं, कुठेही म्हटलेलं नव्हतं.

आणि त्या पानाला एक खोड होती. पोस्ट सगळ्यांना दाखवायची की ओळखीच्यांना की ‘फक्त मला दिसेल’, असं साइटवर निवडता यायचं. उतरवून घेतलेल्या पानात तो भेद उरला नव्हता. उघडं आणि झाकलेलं एका रांगेत उभं. त्यामुळे ती बेसावध सापडली. तीन-चार झाकलेल्या पोस्टी पाठोपाठ आल्या. चांगले दिवस ओळखीच्यांसाठी लिहायचे आणि वाईट फक्त आपल्यासाठी, हा तिचा तेव्हाचा नियम. चावल्याची होती. जिन्यात जाऊन बसल्याची होती, आई आत हाका मारत असताना, उठायचं नाही असं ठरवून. तिने त्या न लाजता वाचल्या. हे घाल म्हणावं पुस्तकात, ‘मी’ करून. आणि मग त्यांच्यातच ती एक आली, जी लिहिल्याचं ती पार विसरली होती. विसरली होती म्हणण्यापेक्षा, विसरून टाकली होती.

‘दुपारी आईने माझा हात धरला आणि म्हणाली, आलास? रोज सांगते, मी बारकी. आज कंटाळा आला. म्हटलं, आलो. ती म्हणाली, हळू बोल, बारकी आत्ता कुठे पडलीय. फार दमते रे ती. मी काहीबाही बोलते तिला, ती ऐकून घेते. तिला सांग, आईला कळतं सगळं. तिचे हात मला कळतात म्हणावं. माझ्या लक्षात राहायचं नाही, तू सांग. म्हटलं, सांगतो. म्हणाली, नक्की? म्हटलं, नक्की. मग झोपली.’

एवढंच होतं. खाली कोणाचं हृदय नाही, काही नाही. तिने खुर्ची मागे ढकलली आणि उभी राहिली. आईच्या तोंडातून तिच्यासाठी निघालेला सगळ्या वर्षांतला एकुलता एक चांगला शब्द, आणि तोही दादाच्या हातात ठेवून गेली बाई! ज्याने कधी पाण्याचा पेला उचलला नाही त्याच्या. समोर मी बसलेली, हात माझा धरलेला, आणि निरोप्या तो. आता तिला आठवलं, ही पोस्ट तिने का झाकली होती ते. जे दुसऱ्याला सांगितलं ते आपल्याला मिळालं असं कसं धरायचं? तिने ते धरलंच नव्हतं. दारावरून परत गेलेल्या टपालासारखं ते इतकी वर्षं कुठेतरी पडून होतं आणि ती मात्र, आईने मला कधी ओळखलं नाही, असं म्हणत म्हातारी व्हायला लागली होती. ती रडली नाही. तिला दादाचा राग आला, आईचा आला, खोलीतल्या टेबलाचा आला. मग तिने फोन उचलला. पत्र्यासारखा आवाज झाला होता तिचा.

“दादा, ब्लॉग बंद होणार नाही. आज सगळं चढवतेय. तुझ्या पुस्तकाचं काय करायचं ते तू आणि तुझा संपादक बघा.”

“बारके, ऐक तर—”

“तू ऐक. तू म्हणालास ना, तू तिथे होतास?”

“अगं ते मी—”

“होतास की नव्हतास?”

“वाटतं मला तसं, म्हटलं ना.”

“मग आईने तुझ्याजवळ माझ्यासाठी एक निरोप ठेवलाय. तो तू मला दिला नाहीस.”

“कसला निरोप?” दादाचा आवाज एकदम खरा झाला. सभागृह गेलं त्यातून. “मला आई काही बोलली नाही. खरंच नाही गं.”

“बोलली. ऐक.” आणि तिने ते वाचून दाखवलं, आलासपासून झोपलीपर्यंत, एका दमात, कुठेही न थांबता. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. त्या आवाजानेही तिची चीड शमली नाही. रडायचा मान पहिल्यांदा याचाच का, असं तिच्या मनात आलं.

“हे तू कधी टाकलं नव्हतंस,” तो म्हणाला.

“टाकलं असतं तर तू घेतलं असतंस.”

“हो,” दादा म्हणाला. “घेतलं असतं.”

“आता दे.”

“काय देऊ?”

“सांग मला. तुला सांगितलंय तिने. तू नक्की म्हणालायस.”

“बारके, तुला माहीतच आहे ते, आता मी परत—”

“मला माहीत नाही. मला कोणी सांगितलेलं नाही. सांग.”

त्याने सुरुवात केली आणि थांबला. घसा खाकरून सभेतल्यासारखा लागला, “आई नेहमी म्हणायची—” ती ओरडली, “तसं नाही! नेहमी नाही म्हणाली. एकदा म्हणाली. तसंच सांग.” खालच्या रस्त्यावर कोणीतरी लोखंडी शटर उघडत होतं. ते पूर्ण उघडल्यावर त्याने पुन्हा सुरुवात केली.

“आईने सांगितलंय,” दादा म्हणाला, आणि आवाज इतका लहान झाला होता की तिला फोन कानाशी दाबून धरावा लागला. “आईला कळतं सगळं. तू दमतेस. तुझे हात तिला कळतात म्हणाली. बारकीला सांग म्हणाली.”

ती खुर्चीत बसली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं आणि ते सावरावं लागेल असं तिथे कोणी बघणारं नव्हतं.

“इतका वेळ लावतात का रे सांगायला?” ती म्हणाली.